'से' या क्रियापदाचा गोतावळा

महाराष्ट्रातील एखाद्या तालुका न्यायालयात दाखल झालेला किरकोळ अर्ज उघडून पाहिला, तर त्यावर न्यायाधीशांच्या अक्षरात तीन-चार इंग्रजी शब्द लिहिलेले पुष्कळदा आढळतात : 'अदर साइड टू से'. समोरच्या पक्षाने आपले म्हणणे मांडावे, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर वकील 'से' तयार करतात, 'से' दाखल करतात, 'से'साठी पुढची तारीख मागून घेतात. आणि बाहेरच्या बाकावर बसलेला पक्षकार शेजारच्याला विचारतो, ''तुमचा से झाला का?'' इंग्लंडमधून आलेल्या माणसाला हा प्रयोग बुचकळ्यात टाकील. त्याच्या भाषेतही 'से' हे नाम आहे, पण ते मत मांडण्याचा किंवा निर्णयात सहभागी होण्याचा अधिकार या अर्थाने. न्यायालयात दाखल करावयाचा कागद हा अर्थ त्याच्या कानावर कधी आलेला नसतो. मराठीतील 'म्हणणे' या नामाची छाया या प्रयोगावर उघड दिसते.

या छोट्या शब्दाचे मोल मात्र मोठे आहे. मुदत देऊनही 'से' आला नाही, तर न्यायालय 'नो से' असा आदेश करू शकते आणि मग त्या अर्जापुरती एकच बाजू ऐकली जाते. मूळ दाव्याला द्यावयाचे सविस्तर लेखी उत्तर, म्हणजेच कैफियत, ही वेगळी आणि मधल्या अर्जावरचा 'से' वेगळा. अनेक पक्षकार ही दोन कागदपत्रे एकच समजतात. एका अर्जावर 'से' दिला म्हणजे दाव्याचे उत्तर झाले, अशा समजुतीत राहिलेल्या माणसाची कैफियतीची मुदत तशीच निघून जाते.

इंग्रजीतील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांत 'से'चे स्थान फार वरचे आहे. ऑक्सफर्डच्या शब्दकोशकारांनी २००६ मध्ये विशाल शब्दसंग्रहाच्या आधारे जी क्रमवारी प्रसिद्ध केली, तीत 'बी', 'हॅव' आणि 'डू' यांच्या पाठोपाठ चौथे क्रियापद 'से' होते. पहिली तिन्ही क्रियापदे साहाय्यक म्हणूनही राबतात. ती बाजूला ठेवली, तर केवळ स्वतःच्या अर्थाच्या बळावर सर्वांत पुढे असलेले क्रियापद हेच ठरते. शाळेत ते पहिल्या काही धड्यांतच येऊन जाते आणि म्हणूनच त्याकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही.

उच्चारातील पेच

आरंभ उच्चारापासूनच करावा लागेल, कारण पहिली चूक तिथेच होते. 'से'चे तृतीयपुरुषी एकवचनी रूप लिहिताना त्यात फक्त 'एस' हे अक्षर जोडले जाते. त्यामुळे 'प्ले'चे 'प्लेज' तसे 'से'चे 'सेज', असे मानून मराठी माणूस लांबट उच्चार करतो. प्रत्यक्षात तो उच्चार ऱ्हस्व आहे : 'सेझ'. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी २००५ च्या कायद्यानंतर वृत्तपत्रांत रूढ झालेला 'सेझ' हा शब्द जसा उच्चारला जातो, जवळजवळ तसाच. भूतकाळी 'सेड' या रूपाचेही तेच. 'पैसे दिले' या अर्थाचे 'पेड' आणि 'म्हणाला' या अर्थाचे 'सेड' यांचे स्पेलिंग एकाच साच्यातले आहे. मात्र पहिल्यातील स्वर लांब, तर दुसऱ्यातील आखूड आहे. स्पेलिंगवर विसंबून उच्चार करू नये, हा इंग्रजीचा जुनाच इशारा इथे अगदी साध्या शब्दात भेटतो.

चार भावंडे

मराठीत म्हणणे, बोलणे आणि सांगणे अशी तीन क्रियापदे आहेत. इंग्रजीत 'से', 'स्पीक', 'टॉक' आणि 'टेल' अशी चार. तीन आणि चार यांची जोडी लावता येत नाही, हीच सगळ्या गोंधळाची जड आहे.

'से'चा भर उच्चारलेल्या शब्दांवर असतो. काय शब्द बोलले गेले, हे त्याने कळते. कोणाला, हे सांगितले नाही तरी वाक्य पुरे होते. 'टेल'ला मात्र ऐकणारा लागतोच. म्हणून 'ही सेड दॅट...' हे बरोबर आणि 'ही टोल्ड मी दॅट...' हेही बरोबर. पण 'ही सेड मी' आणि 'ही टोल्ड दॅट' ही दोन्ही वाक्ये अशुद्ध. 'से'ला ऐकणारा जोडायचाच असेल, तर मध्ये 'टू' हवा. दुसऱ्या चुकीचे मूळ थेट मराठीत आहे. 'त्याने सांगितले की' या वाक्यात कोणाला सांगितले, याचा उल्लेख करण्याची सक्ती मराठी करीत नाही. कार्यालयीन पत्रांत त्याच सवयीने 'ही इन्फॉर्म्ड दॅट' असे लिहिले जाते. 'इन्फॉर्म' हेही 'टेल'च्याच पंक्तीत बसणारे क्रियापद आहे. कोणाला कळविले, ते त्याला लगेच सांगावे लागते.

'स्पीक'चा संबंध वाणीशी आणि भाषेशी. मराठी बोलता येते, हे सांगण्यासाठी 'स्पीक'च हवे. सभेत भाषण करणे, दूरध्वनीवर 'कोण बोलतंय' असे विचारणे, आजारातून उठलेल्या माणसाने पुन्हा बोलू लागणे, ही सर्व 'स्पीक'ची क्षेत्रे. 'टॉक'मध्ये दोन बाजू गृहीत असतात. गप्पा, वाटाघाटी, चर्चा या त्याच्या वाट्याला येतात. अर्थात ही भिंत पक्की नाही. 'स्पीक टू' आणि 'टॉक टू' पुष्कळदा एकमेकांची जागा घेतात, फक्त पहिले थोडे औपचारिक वाटते. वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला 'आय वॉन्ट टू स्पीक टू यू' म्हटले, तर त्या माणसाच्या पोटात गोळा येतो. 'टॉक' म्हटले असते तर कदाचित चहाचा कप हातात घेऊनच तो गेला असता.

काही जोड्या मात्र केवळ रूढीने ठरल्या आहेत आणि त्या पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. खरे, खोटे, गोष्ट, विनोद, गुपित यांच्याबरोबर 'टेल' येते. नमस्कार, निरोप, क्षमा, आभार यांच्याबरोबर 'से'. देवाची प्रार्थना 'से' केली जाते. मराठीतही प्रार्थना 'म्हणतात', त्यामुळे इथे दोन्ही भाषांचे जुळते. पाढेही म्हटले जातात आणि तिथेही 'से' चालते. पण गाणे 'म्हणणे' हे मराठीचे खास देणे आहे. तिथे 'से' वापरले की वाक्याचा विचका होतो. गाणे 'सिंग'च करावे लागते.

मोजणे आणि सांगणे

'से' आणि 'टेल' यांची कुळकथा पाहण्याजोगी आहे. 'से' हे जुन्या इंग्रजीतील 'सेज्अन' या रूपापासून आले. जर्मन भाषेतील 'झागेन' आणि डच भाषेतील 'झेखेन' ही त्याची सख्खी भावंडे. नॉर्स वीरकथांना 'सागा' म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. 'स्पीक'ला जर्मनमधील 'श्प्रेखेन' जवळचे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदातही 'र' होता, तो पुढे गळून गेला.

'टेल'चा मूळ अर्थ मात्र सांगणे हा नव्हता. तो होता मोजणे. जर्मनमध्ये आजही 'त्सेलेन' म्हणजे मोजणे आणि 'एअरत्सेलेन' म्हणजे कथा सांगणे. इंग्रजीत मोजण्याचा तो जुना अर्थ काही कोपऱ्यांत टिकून राहिला. बँकेत रोखीच्या खिडकीमागे बसणारा 'टेलर' हा कपडे शिवणारा नव्हे, नोटा मोजणारा. दोन्ही शब्दांचे स्पेलिंग निराळे आणि मूळही निराळे. 'ऑल टोल्ड' म्हणजे एकूण सारे मोजून. 'अनटोल्ड वेल्थ' म्हणजे न सांगितलेली संपत्ती असे अनेकांना वाटते. खरा अर्थ अगणित संपत्ती. जपमाळेचे मणी ओढणे, यालाही जुन्या इंग्रजीत 'टेलिंग बीड्स' असाच प्रयोग आहे.

मोजणे आणि सांगणे यांचे हे नाते युरोपापुरते नाही. संस्कृतातील 'ख्या' या धातूपासून 'आख्यान' हा शब्द आला आणि त्याच धातूपासून 'संख्या'ही. कथेकरी आणि हिशेबनीस एकाच घरातून बाहेर पडावेत, ही गंमत दोन्हीकडे घडली.

मराठी 'म्हण'चा पसारा

इंग्रजी 'से'ला मराठीत सर्वांत जवळचे क्रियापद 'म्हणणे'. संस्कृत 'भण्' या धातूपासून प्राकृतमार्गे ते मराठीत आले. त्याचा आणि 'से'चा काही संबंध नाही. पण दोघांनी स्वतंत्रपणे इतकी सारखी वाटचाल केली की थक्क व्हावे. लोकांच्या तोंडी असलेल्या वाक्याला मराठीत 'म्हण' म्हणतात, इंग्रजीत 'सेइंग'. आधीच्या वाक्याचा खुलासा करण्यासाठी मराठी 'म्हणजे' वापरते, इंग्रजी 'दॅट इज टू से'. ऐकीव बातमीला मराठी 'म्हणे' जोडते, इंग्रजी 'दे से'. एखादी गोष्ट गृहीत धरण्यासाठी इंग्रजी 'लेट अस से' असा प्रयोग करते, तिथे मात्र मराठी वाट बदलून 'समजा' म्हणते. अंदाजाने आकडा सांगतानाही इंग्रजी नुसते 'से' वापरते : 'से, फाइव्ह' म्हणजे समजा, पाच.

मराठीने या क्रियापदाला आणखी एक काम दिले आहे. 'म्हणून' हे मूळचे 'असे म्हटल्यावर' या अर्थाचे रूप आज कारण दाखविणारे अव्यय झाले आहे. 'रमेश म्हणून एक मुलगा' यात ते नाव जोडते, तर 'येतो म्हणून सांगितले' यात दुसऱ्याचे बोलणे वाक्यात गुंफते. कोकणीतही 'म्हण' हे रूप याच कामासाठी येते. दक्षिणेकडील भाषांतही बोलण्याच्या क्रियापदापासून निघालेली अशी रूपे सर्रास आहेत. इंग्रजीत हे काम बिचाऱ्या 'दॅट'ला करावे लागते.

'म्हणे' हे तर मराठीचे एक रत्नच आहे. 'तो म्हणे परदेशी गेला' या वाक्यात बोलणाऱ्याने बातमी दिली आणि तिची जबाबदारीही झटकली. बातमी खरी ठरली तर श्रेय घ्यावे, खोटी ठरली तर 'मी कुठे म्हटले?' असे विचारावे. इंग्रजीला हे साधण्यासाठी 'रिपोर्टेडली', 'अलेजेडली', 'सपोज्डली' अशी लांबलचक क्रियाविशेषणे लागतात आणि प्रत्येकाची छटा वेगळी. 'रिपोर्टेडली' म्हणजे तसे वृत्त आहे. 'सपोज्डली' म्हणजे तसे मानले जाते, पण लिहिणाऱ्याला संशय आहे. 'अलेजेडली' म्हणजे तसा आरोप आहे. मराठीत तिसऱ्यासाठी 'कथित' हा शब्द रूढ झाला. त्याच्या शेजारी 'तथाकथित' हा शब्द बेधडक ठेवला जातो, ते मात्र चूक. 'कथित गैरव्यवहार' म्हणजे ज्याचा आरोप आहे असा गैरव्यवहार. 'तथाकथित विचारवंत' म्हणजे ज्याला लोक विचारवंत म्हणतात, पण लिहिणारा तसे मानत नाही असा. एकात तटस्थता आहे, तर दुसऱ्यात उपहास.

घड्याळ आणि फलक

इंग्रजीत निर्जीव वस्तूही 'से' करतात. घड्याळ दहा वाजल्याचे 'म्हणते', फलक थुंकू नये असे 'म्हणतो', कायदा, पत्र, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी ही सारी 'म्हणतात'. मराठीत घड्याळात वाजलेले असतात, फलकावर लिहिलेले असते आणि कायद्यात तरतूद असते. इंग्रजीतून मराठीत आलेल्या जाहिराती आणि माहितीपत्रकांत 'अहवाल म्हणतो की' असे प्रयोग दिसू लागले आहेत; 'अहवालात म्हटले आहे' हे सरळ रूप हाताशी असताना त्याची गरज काय, असा प्रश्न पडतो.

घरात किंवा संस्थेत 'हॅव अ से' असणे म्हणजे शब्दाला वजन असणे. मराठीत त्यासाठी 'चालणे' हे क्रियापद फार नेमके आहे. ज्याला 'से' नाही, त्याचे घरात काही चालत नाही.

याच क्रियापदाचे भूतकाळवाचक रूप विशेषण होऊन खरेदीखतांत आणि करारनाम्यांत शिरले : 'द सेड प्रॉपर्टी'. वर जिचा उल्लेख झाला ती मिळकत. मराठी दस्तऐवजात तिथे 'सदर मिळकत' किंवा 'सदरहू मिळकत' येते. दस्तऐवजाबाहेर हा शब्द गैरलागू आहे. तरीही सोसायटीच्या सूचनाफलकावर 'सदर पाणी दोन तास बंद राहील' असे वाचावयास मिळते, तेव्हा कायद्याची भाषा जिन्यापर्यंत किती सहज उतरते, ते दिसते.

पर्यायांचा मोह

शाळेत निबंध लिहिताना 'सेड' हा शब्द पुनःपुन्हा येऊ देऊ नये, असे सांगितले जाते. मग पर्यायांची यादी येते : रिमार्क्ड, ऑब्झर्व्ह्ड, स्टेटेड, डिक्लेअर्ड, असर्टेड, क्लेम्ड, अ‍ॅडमिटेड, कन्फेस्ड, रिव्हील्ड, इन्सिस्टेड, रिटॉर्टेड... अशा याद्यांचा आद्य संग्राहक पीटर मार्क रोजे. हा व्यवसायाने डॉक्टर आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचा अनेक वर्षे सचिव होता. वयाच्या सत्तरीनंतर, १८५२ मध्ये त्याने आपला सुप्रसिद्ध 'थिसॉरस' प्रकाशित केला. त्यात शब्द अकारविल्हे नव्हते. कल्पनांच्या गटांनुसार मांडलेले होते. आपल्याकडे अमरकोशाने हीच पद्धत शतकानुशतके आधी अवलंबिली होती.

दोन्ही ग्रंथांत एक महत्त्वाचा भेद आहे. रोजेने शब्दांचे अर्थ दिले नाहीत. वाचकाला ते ठाऊक आहेत, असे गृहीत धरले. अमरकोशाने बोलण्याच्या प्रकारांची नोंद करताना प्रत्येकाचा वेगळेपणा सांगितला. निरर्थक बोलणे तो प्रलाप, शोकाचे बोलणे तो विलाप, परस्परांत बोलणे तो संलाप, विरोधी बोलणे तो विप्रलाप आणि लपवालपवीचे, नाकबूल करण्याचे बोलणे तो अपलाप. उपसर्ग बदलला की बोलण्याची सारी नियत बदलते. पर्यायी शब्दांची यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती रोजेचे अर्धे पुस्तक लागते. अमरसिंहाची ती बारकाई लागत नाही.

'से'च्या पर्यायांत तर ती बारकाई अत्यावश्यक आहे. 'से' हा शब्द तटस्थ आहे. वक्त्याचे बोलणे खरे की खोटे, याबाबत तो काहीही सुचवीत नाही. पर्याय वापरला की लिहिणारा न कळत न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो. 'क्लेम' म्हटले, की वक्ता दावा करतो आहे पण लिहिणाऱ्याला त्याची खात्री नाही, असे ध्वनित होते. 'पॉइंट आउट' म्हटले, की तो एक खरी गोष्ट निदर्शनास आणून देत आहे. 'रिव्हील' म्हटले, की गोष्ट खरी तर आहेच, शिवाय आजवर झाकलेली होती. एखाद्या मंत्र्याचे एकच वाक्य तीन वृत्तपत्रांनी या तीन क्रियापदांनी छापले, तर वाचकांना तीन वेगळ्या बातम्या मिळतात.

'डिनाय' आणि 'रिफ्यूट' यांची गल्लत सर्वांत महागात पडणारी. 'डिनाय' म्हणजे इन्कार करणे; त्याला पुरावा लागत नाही. 'रिफ्यूट' म्हणजे पुराव्याने खोडून काढणे. आरोप झालेल्या व्यक्तीने केवळ 'हे खोटे आहे' एवढेच म्हटले असेल आणि बातमीत 'रिफ्यूट' आले, तर काटेकोर वाचक समजेल की आरोप खोटा ठरला. सैल वापरामुळे अनेक कोशांनी 'इन्कार करणे' हा अर्थही नोंदविला आहे, तरी संपादकीय शिस्त पाळणारे आजही हा भेद जपतात. 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' यांचेही असेच. बोलणारा सूचित करतो, ते 'इम्प्लाय'. ऐकणारा त्यावरून निष्कर्ष काढतो, ते 'इन्फर'.

कादंबरीकारांनाही हा मोह आवरावा लागतो. अमेरिकी रहस्यकथाकार एल्मोर लेनर्ड याने २००१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील लेखात लेखनाचे काही नियम सांगितले. संवादाला 'सेड'खेरीज दुसरे क्रियापद जोडू नये, हा त्यांतील एक. त्याच्या मते संवाद पात्राचा असतो, तर क्रियापद म्हणजे मध्येच नाक खुपसणारा लेखक. नियम टोकाचा आहे; पण पानभर 'तो गरजला', 'ती उद्गारली', 'तो पुटपुटला' वाचून दमलेल्या वाचकाला तो पटेल.

मराठी वृत्तपत्रांनी या बाबतीत इंग्रजीलाही मागे टाकले आहे. सभेतील वक्ता इथे क्वचितच 'म्हणतो'. तो ठणकावतो, सुनावतो, फटकारतो, टोला हाणतो, कोपरखळी मारतो, तोफ डागतो, घणाघात करतो. दोन पुढाऱ्यांच्या साध्या मतभेदाची बातमी वाचताना पानिपताचे वर्णन वाचल्यासारखे वाटते. 'म्हणाले' हा शब्द फिका वाटतो, हे खरे. पण तो वाचकाला स्वतःचे मत बनवू देतो, हा त्याचा गुण या दणदणाटात हरवतो.

कबुली आणि कबुलीजबाब

पर्यायांतील फरक जिथे माणसाच्या स्वातंत्र्यावर बेततो, अशी जोडी म्हणजे 'अ‍ॅडमिट' आणि 'कन्फेस'. 'अ‍ॅडमिट'चा मूळ लॅटिन अर्थ आत येऊ देणे. रुग्णालयात दाखल करून घेतात, तेच हे क्रियापद. एखादी वस्तुस्थिती आपल्या बोलण्यात आत येऊ दिली, की ती कबुली. 'कन्फेस' म्हणजे अपराध स्वतःच्या तोंडाने मान्य करणे. बोलीत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात. कायद्यात येत नाहीत.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने कबुलीची व्याख्या कलम १७ मध्ये केली होती, मात्र कबुलीजबाबाची व्याख्या कुठेच दिली नव्हती. ती पोकळी प्रिव्ही कौन्सिलने १९३९ मध्ये पकाला नारायण स्वामी खटल्यात भरून काढली. पुरी येथे आगगाडीच्या डब्यात एका पोलादी पेटीत मृतदेह सापडला होता. मृत माणूस आपल्या घरी आला होता आणि दुसऱ्या दिवशी निघून गेला, असे आरोपीने पोलिसांना सांगितल्याचे सरकार पक्षाचे म्हणणे होते. हे विधान म्हणजे कबुलीजबाब होय का, असा प्रश्न उपस्थित झाला. कबुलीजबाब होण्यासाठी आरोपीने अपराधच स्पष्टपणे किंवा निदान अपराध सिद्ध करणारी जवळजवळ सर्व तथ्ये मान्य केली पाहिजेत, असे लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी ठरविले. केवळ संशय वाढविणारी गोष्ट मान्य करणे म्हणजे कबुलीजबाब नव्हे. पोलीस तपासात केलेले म्हणून ते विधान अन्य तरतुदीखाली पुराव्यातून वगळावे लागले. तरी उरलेल्या पुराव्याच्या बळावर शिक्षा मात्र कायम राहिली.

१ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कबुलीची व्याख्या आता कलम १५ मध्ये आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, ही जुन्या कलम २५ मधील तरतूद कलम २३ मध्ये कायम राहिली. दंडाधिकाऱ्यांसमोर, स्वेच्छेने, विहित खबरदारी घेऊन दिलेल्या कबुलीजबाबाची गोष्ट वेगळी. अशा स्थितीत 'आरोपीने पोलिसांकडे गुन्ह्याची कबुली दिली' या मथळ्याला न्यायालयात काय किंमत उरते, हे उघड आहे; वाचकाच्या मनात मात्र खटला त्याच सकाळी संपलेला असतो. 'पोलिसांनी सांगितले की आरोपीने असे म्हटल्याचे निष्पन्न झाले' हे वाक्य लांब आणि बेढब आहे, पण त्यात कोण काय म्हणाले, याचा हिशेब चोख आहे.

'अलेज' किंवा 'कथित' असा शब्द जोडला, की बदनामीच्या कायद्यातून सुटका होते, हा समजही तितकाच भ्रामक. दुसऱ्याने केलेला बदनामीकारक आरोप पुन्हा छापणे, हेही प्रकाशनच असते. 'असे म्हणतात' ही पुस्ती छापणाऱ्याची जबाबदारी आपोआप नाहीशी करीत नाही. कानोकानीच्या बातमीला इंग्रजीत 'हिअरसे' म्हणतात. 'ऐकणे' आणि 'म्हणणे' यांचाच तो समास. न्यायालयात अशा ऐकीव पुराव्याला सर्वसाधारणपणे थारा नाही. ज्याने पाहिले, त्याने येऊन सांगावे. ज्याने ऐकले, त्याने स्वतः काय ऐकले, तेवढेच सांगावे.

भाषांतराच्या टेबलावर

महाराष्ट्रातील फिर्याद आणि जबाब बहुधा मराठीत नोंदले जातात आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले की त्यांचे इंग्रजी भाषांतर लागते. इथे 'बोलणे' हे क्रियापद सर्वांत घातक ठरते. 'तो मला बोलला' या तीन शब्दांचे प्रमाण मराठीत आणि मुंबईच्या बोलीत वेगळे अर्थ होतात. मुंबईत 'तो मला बोलला की उद्या ये' म्हणजे त्याने सांगितले, इथे 'टोल्ड'. अबोला संपल्यावर 'शेवटी तो माझ्याशी बोलला' म्हणजे 'स्पोक'. आणि 'साहेब मला सगळ्यांसमोर बोलले' म्हणजे साहेब रागावले, इथे 'स्कोल्डेड'.

छळाच्या तक्रारीत एखादी विवाहिता सांगते, ''सासूबाई मला सारख्या बोलायच्या.'' मराठी कानाला त्यातील वेदना लगेच कळते. भाषांतरकाराने शब्दाला शब्द ठेवून 'मदर-इन-लॉ यूज्ड टू टॉक टू मी कॉन्स्टन्टली' असे लिहिले, तर इंग्रजी वाचणाऱ्याला सासू-सुनेच्या दिवसभराच्या गप्पा दिसतील. तक्रारीचा कणाच त्यातून निघून जाईल. 'टाकून बोलणे', 'घालूनपाडून बोलणे', 'लागेल असे बोलणे' या प्रयोगांचेही तसेच. पहिल्यासाठी 'टॉन्ट' जवळचे, दुसऱ्यात अपमान असल्याने 'इन्सल्ट' किंवा 'ह्यूमिलिएट', तर तिसऱ्यात शब्दांपेक्षा झालेली जखम महत्त्वाची म्हणून 'मेक हर्टफुल रिमार्क्स'. याउलट 'नवरा माझ्याशी बोलायचा नाही' यात 'स्कोल्ड'चा लवलेश नाही. तिथे सरळ 'डिड नॉट स्पीक टू मी' हेच हवे. एकाच जबाबात ही दोन वाक्ये एकाखाली एक आली, म्हणजे 'बोलणे' दोन्हीकडे तेच असूनही इंग्रजीत क्रियापद बदलावे लागते. 'मला' आहे की 'माझ्याशी' आहे, एवढी एकच खूण त्यासाठी मूळ मराठी कागदावर असते.